फक्त पातळ

"पातळ म्हणजे नक्की काय?" मी विचारलं.

शिरगुप्पे मॅडम हातातला कागद वाचायच्या थांबल्या. दवाखान्यातल्या आहाराच्या मॅडम त्या, वय फार तर सव्वीस. "पातळ म्हणजे पातळ, काकू. पहिले दोन आठवडे फक्त पातळ."

"तसं नव्हे. मी हायस्कुलात मराठी शिकवते. पातळ पोहे असतात, पातळ भाजी असते, आणि आत्ता मी नेसलेय तेही पातळच. यांतलं कुठलं?"

"मला पहिली दोन चालतील," खाटेवरून आवाज आला.

खाटेवर आमचे हे होते. भालचंद्र हळबे. सांगली-मिरजेत भालूअण्णा आचारी म्हटलं की ते आज कुठल्या मंगल कार्यालयात आहेत ते कुणीही सांगायचा. वजन एकशे शेहेचाळीस किलो. साखर चारशेच्या घरात, दोन्ही गुडघे संपावर, आणि झोपेत श्वास असा अडकायचा की मी उठून हलवायची. हे असंच चाललं तर साठी दिसणार नाही, असं डॉक्टर तोंडावर म्हणाले, तेव्हा कुठे गृहस्थ तयार झाले. चार दिवसांपूर्वी दुर्बिणीतून त्यांचं बरंचसं जठर कापून काढलं होतं. उरलेलं एका केळ्याएवढं होतं. ज्या माणसाला डझनाखाली केळी ठाऊक नव्हती, त्याच्या पोटाला हे माप.

मॅडमनी पेन काढलं, 'पातळ' हा शब्द खोडला आणि वर लिहिलं, 'फडक्यातून खाली उतरेल तेवढंच.' मग खाटेच्या कडेवर टेकून म्हणाल्या, "काकू, ब्लाउजची कच्ची शिलाई माहितीय ना? काकांचं पोट आत्ता तसं आहे. आत पिनांनी शिवलंय. ती शिवण धरायला दोन आठवडे लागतात. तोवर घट्ट काही गेलं, एकदम जास्त गेलं, उलट्या होऊन ताण आला, तर उसवायची भीती."

"आणि उसवली तर?"

"पोटात गळती लागते. परत ऑपरेशन. आणि त्या खेपेला सगळेच घरी जातात असं नाही."

खाटेवर ह्यांनी हळूच चादर पोटावर ओढून घेतली.

पुढचं सगळं मी पाठ होईस्तोवर वाचून घेतलं. पाव तासाला एक माप पाणी, ताक किंवा गाळलेलं सूप. माप म्हणजे औषधाच्या बाटलीवरचं छोटं झाकण. तेही घोट घोट. तासाला एकदा उठून चालायचं, नाहीतर पायात रक्ताची गुठळी होते. जीवनसत्त्वाच्या गोळ्या जन्मभर. नाडी एकशेवीसच्या वर गेली, ताप आला, डावा खांदा दुखला, धाप लागली, तर गॅस झालाय म्हणून ओवा चावत बसायचं नाही, तडक दवाखाना.

निघताना व्हरांड्यात जयसिंगपूरच्या एक बाई बसल्या होत्या. त्यांचे यजमान आमच्या आधी आठवडाभर तेच ऑपरेशन करून हसत घरी गेले होते. नवव्या दिवशी त्यांनी एक कांदाभजी खाल्ली. एकच. आता ते आत नळ्या लावून होते आणि बाईंच्या मांडीवर प्लॅस्टिकच्या पिशवीत त्यांच्या चपला होत्या. आमचे हे त्या चपलांकडे बघत राहिले. मी त्यांच्याकडे.

त्या व्हरांड्यात मी ठरवलं, की शिवण धरेपर्यंत या माणसाच्या घशाखाली फडक्यातून न उतरणारं काहीही जाणार नाही. मग जगाने मला काहीही म्हणावं.

जगाने लगेच सुरुवात केली.

*

मला अनुभव नव्हता असं नाही. अठ्ठावीस वर्षं मी दहावीच्या परीक्षेला पर्यवेक्षक होते. चिठ्ठी मोज्यात कुठे असते, पट्टीच्या मागे कुठे असते, हे मला लांबून कळायचं. त्यामुळे सहाव्या दिवशी सकाळी ह्यांनी पेपर वाचताना चष्मा घातलेला नाही आणि चष्म्याचं घर मात्र उशीखाली आहे, हे बघून मी ते उघडलं. आत चिवडा. पातळ पोह्यांचा.

"नुसता वास घ्यायला ठेवलाय," हे म्हणाले.

"मुलंही हेच म्हणतात. बाई, वाचली नव्हती, नुसती जवळ होती."

चिवडा कावळ्यांना गेला. त्यांचा आणि माझा अबोला दोन मापांपुरता, म्हणजे अर्धा तास टिकला.

त्याच दुपारी कुरुंदवाडहून माई वन्सं आल्या. ह्यांच्या थोरल्या बहीण. लहानपणी आई गेल्यावर ह्यांना भरवून मोठं केलं ते त्यांनी. हातात पितळी डबा. झाकण काढल्याबरोबर घरभर वास सुटला आणि आतल्या खोलीतली खाट करकरली.

"अळूची भाजी," वन्सं म्हणाल्या. "फोनवर तू म्हणालीस ना, फक्त पातळ द्यायचंय? म्हणून पातळ भाजीच केली. नाहीतर भरली वांगी करणार होते."

मी पळी घालून ढवळली. शेंगदाणे वर आले, हरभऱ्याची डाळ आली, खोबऱ्याचे काप आले, मागून मुळ्याच्या चकत्या आल्या.

"वन्सं, ही त्यांना चालायची नाही."

"का? पातळ नाही?"

"नावाने पातळ आहे. शेंगदाणे घट्ट आहेत."

"अगं, शिजून मऊ मेण झालेत! भालूला दात नसताना मी शेंगदाणे चावून भरवलेत, त्याला काही झालं नाही."

"तेव्हा त्यांच्या पोटाला शिवण नव्हती."

वन्संनी पदर डोळ्यांना लावला. "सहा दिवस माझ्या भावाला पाण्यावर ठेवलंयस. तोंड बघ कसं उतरलंय."

"उतरायलाच ऑपरेशन केलंय, वन्सं."

"गाळून दे की गं," आतून आवाज आला. अगदी बारीक. एवढ्या मोठ्या माणसाचा एवढा बारीक आवाज मी कधी ऐकला नव्हता. खरं सांगते, हात डब्याकडे गेला होता. मग मला त्या चपला दिसल्या.

"त्यात मिरची आहे, फोडणी आहे. नाही." मी झाकण लावलं. वन्सं चहासुद्धा न घेता निघाल्या. जाताना दारात म्हणाल्या, "मास्तरीण कधी कुणाची झालीय?" पुढे चार महिने त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं.

*

खरी परीक्षा दहाव्या दिवशी होती. नानासाहेब शहापुऱ्यांच्या मुलीचं लग्न. सुपारी ह्यांनी सहा महिन्यांपूर्वी घेतलेली. ऑपरेशन त्याच्या महिनाभर आधी व्हायचं होतं, पण साखर खाली येईना म्हणून तारीख ढकलत ढकलत लग्नाला येऊन चिकटली. सहाशे पान. व्याही बेळगावचे, आणि जेवणाच्या बाबतीत नाक वर असलेले.

आणि ऑपरेशन खरं कसलं, ते ह्यांनी घराबाहेर कुणाला सांगितलंच नव्हतं. हर्निया म्हणून सांगितलं होतं. "आचाऱ्याने पोट कापून घेतलं म्हटल्यावर उद्या कोण बोलवेल मला?" हे म्हणाले. "वाळलेल्या आचाऱ्यावर कुणी विश्वास ठेवतो का?"

मी मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, "जाऊ द्या त्यांना. खुर्चीत बसायचं, काही उचलायचं नाही, तासाला चालायचं, पाव तासाचं माप चुकवायचं नाही. आणि काकू, चाखायचं नाही."

"आचाऱ्याने?"

"कच्ची शिलाई, काकू."

सकाळी सातला कार्यालयाच्या मागच्या बाजूला चुली पेटलेल्या होत्या. मध्यभागी लोखंडी खुर्चीत हे, शेजारी स्टुलावर मी; मांडीवर थर्मास, झाकणाचं माप आणि शाळेतलं घड्याळ. त्यांचा उजवा हात म्हणजे बसगोंडा. बावीस वर्षं ह्यांच्याबरोबर, मिशा पिकलेल्या. त्याने आमटीची पळी आणली. ह्यांनी रोजच्या सवयीने डावा तळहात पुढे केला, त्यावर चार थेंब घेतले आणि जिभेला लावले.

मी त्यांच्या गळ्याकडे बघत होते. घाटी वर गेली आणि खाली आली.

"गिळलंत."

"नाही."

"घाटी हलली."

"तोंडात पाणी आलं, ते गिळलं."

"आमटीचं?"

"अगं, आमटी पातळच असते की!" आणि बसगोंडाकडे वळून, "मसालेभात आण."

बसगोंडाने झाऱ्यावर भात आणला. वाफाळलेला, वर तोंडल्याची फोड. ह्यांनी तीन बोटांत चिमूटभर शितं घेतली. मी त्यांचं मनगट धरलं.

अकरा माणसं होती तिथे. कुणी कांदा चिरत होतं, कुणी जिलबीचं पीठ घोटत होतं. सगळं थांबलं. भालूअण्णांचा हात चुलीपुढे कुणी धरलेला त्यांनी बघितला नव्हता. ह्यांचा चेहरा लाल झाला.

"हळबेबाई," हे म्हणाले. चिडले की मी बाई व्हायची. "ही तुमची शाळा नव्हे."

"बरोबर आहे. शाळेत नापास झालेला पुढच्या वर्षी परत बसतो."

ह्यांनी बोटांतली शितं एकेक करून झाऱ्यावर परत ठेवली. मग धोतराला हात पुसत बसले, हात स्वच्छ झाल्यावरसुद्धा.

"मग कसं करायचं, सांग तूच," हे म्हणाले. "चाखल्याशिवाय सहाशे पान वाढू?"

मला एक सुचलं. ह्यांचे वडील गणपतीच्या देवळात महानैवेद्याचा स्वयंपाक करायचे. तो उष्टा करायचा नसतो. वासावर आणि आधणाच्या आवाजावर सगळा अंदाज. म्हटलं, "नैवेद्य समजा. मामंजी नाही का न चाखता करायचे?"

"देव चालवून घेतो," हे म्हणाले. "व्याही नाही."

कांदा चिरणारे हसले. हेही हसले, आणि हसता हसता पोटाला हात लावून थांबले, कारण हसलं की टाके ओढायचे. मग माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. इतका वेळ ते फक्त वांगी घेताना बघत.

"तू चाख," ते म्हणाले.

बसगोंडा माझ्याकडे बघू लागला, आणि त्याच्या नजरेत जे होतं ते अगदी रास्त होतं. आमच्या घरात स्वयंपाक हे करत. मला फक्त भात लावायची परवानगी होती, तीही कुकरमध्ये.

"अण्णा," तो हळूच म्हणाला, "वहिनी शिकवायला लै चांगल्या हैत ओ. पण..."

"आमटी आण."

मी तळहातावर घेतली, चाखली.

"कशी आहे?"

"चांगली आहे."

"चांगली ही चव नव्हे. निबंधाला शेरा देऊ नकोस. आधी काय लागलं?"

"आंबट."

"कुठे?"

"कुठे म्हणजे? तोंडात."

"तोंड मोठं आहे. टोकाला, कडेला, की मागे?"

मी परत घेतली. डोळे मिटले. "कडेला. पण लगेच गेलं. मग गोड आलं आणि बसूनच राहिलं."

"गूळ पुढे गेलाय. बसगोंडा, आमसुलं टाक, मूठभर. आणि मीठ?"

"मीठ कळतच नाही."

"कळायला नकोच. मीठ कळलं की आमटी बिघडली. मसालेभात?"

"लवंग आधी. मग... मग काहीतरी हवं होतं आणि आलं नाही."

"कुठे आलं नाही?"

"घशापाशी."

"धनेजिरं कमी. वरून भाजून टाका." त्यांनी बोटाने खूण केली आणि बसगोंडा पळाला. पाच मिनिटांनी परत भात आला. मी चाखला.

"आलं," मी म्हणाले.

त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी आधी पंगतीत पाहिलं होतं, माझ्यासाठी कधी नाही.

पुढचे तीन तास असे गेले. मठ्ठा, कुर्मा, कोशिंबीर, पंचामृत. मी शब्द शोधायचे, हे त्या शब्दावरून हात हलवायचे. 'तिखट' चालत नसे. चुरचुरतं, झणझणतं, की नाकात जातं, ते सांगावं लागे. 'गोड' चालत नसे. आयुष्यभर मी मुलांना नेमका शब्द लिहा म्हणून सांगत आले. तो इतका नेमका लिहायची वेळ माझ्यावर कधीच आली नव्हती. मधे पाव तास झाला की मी माप भरायची, हे निमूट घोट घोट घ्यायचे. तास झाला की उठून आम्ही मांडवाला एक फेरी घालायचो. लोकांना वाटायचं, अण्णा पाहणी करतायत. दोनदा मी त्यांची नाडी बघितली. शहाण्णव. चौऱ्याण्णव.

आणि एक गोष्ट माझ्या हळूहळू लक्षात आली. मी गिळलं की त्यांची घाटी हलायची. कोरडीच. मग मी त्यांच्याकडे बघायचं सोडलं आणि चव जास्त नीट सांगायला लागले.

*

शेवटच्या पंगतीला दोन वाजले. बेळगावच्या व्याह्यांनी आमटी तीनदा मागून घेतल्याचं बसगोंडा सांगून गेला. मला वाटलं, सुटलो.

तेवढ्यात नानासाहेब आत आले. "अण्णा, पंगतीत चला. व्याही बोलावतायत."

हा मान ठरलेला असतो. शेवटच्या पंगतीत आचाऱ्याला पुढे बोलावतात, खांद्यावर शेला घालतात, नारळ देतात आणि त्याच्याच हातच्या पक्वान्नाचा घास त्याला भरवतात. ह्यांना असा घास भरवलेला मी शंभर वेळा पाहिला असेल. आज मात्र मी थर्मास खाली ठेवून ह्यांच्या मागोमाग निघाले.

शंभर माणसं पानावर बसलेली. व्याही उभे राहिले. गुलाबी फेटा, मोठा आवाज. शेला झाला, नारळ झाला. मग त्यांनी अख्खी जिलबी उचलली, पाक ठिबकत असलेली, आणि ह्यांच्या तोंडापुढे धरली.

"घ्या, अण्णा!"

"जरा पथ्य आहे," हे म्हणाले.

"पथ्य उद्यापासून!"

"खरंच नको."

"अहो, एक तुकडा! एका तुकड्याने कुणी मरतं काय?"

पंगत हसली. मला जयसिंगपूरच्या बाई आठवल्या.

"ऐका तर," व्याही आवाज चढवून म्हणाले, "आचारी आपलीच जिलबी खात नाही, म्हटल्यावर आम्ही काय समजायचं? काय घातलंय हो यात?"

आता जास्तच हसू झालं. नानासाहेबांचा चेहरा उतरला. मुलीच्या बापाचा चेहरा तो. विनवणीने ह्यांच्याकडे बघत होता. ह्यांनी हात पुढे केला आणि जिलबी घेतली.

मी पाऊल उचललं. मनगट धरायला दोन हातांचं अंतर होतं. आणि मी तिथेच थांबले. का ते तेव्हा मला कळलं नव्हतं. नंतर कळलं. पंधरा दिवस मी पुरले असते; जन्मभर प्रत्येक पंगतीत हात धरायला मी पुरणार नव्हते. ही जिलबी मी अडवली असती, तर पुढची कुणी अडवायची?

ह्यांनी जिलबी कपाळाला लावली. खाली आणली. तोंडाजवळ थांबवली. पाकाचा एक थेंब बोटावरून मनगटाकडे ओघळला. चुलीवर चार दशकं काढलेला माणूस, दहा दिवस ताकाच्या पाण्यावर, आणि नाकाशी स्वतःची जिलबी. मी घाटीकडे बघत होते. घाटी हलली नाही.

"व्याहीबुवा," हे म्हणाले, आणि पंगत गप्प झाली, कारण भालूअण्णा पंगतीत कधी बोलत नसत. "हर्नियाचं मी खोटं सांगितलं. माझं पोट कापून लहान केलंय. आतली शिवण अजून कच्ची आहे. ती उसवली तर पुढच्या लग्नाला मी नसेन. म्हणून सध्या माझी जीभ मी हिच्याकडे ठेवायला दिलीय. आज तुम्ही तीनदा मागितलीत ती आमटी हिच्या जिभेने केलेली आहे. मान तिचा."

आणि वळून ती जिलबी त्यांनी माझ्या तोंडात घातली. अर्धी. उरलेली अर्धी बाहेर लोंबत होती.

सत्तावीस वर्षांत ह्यांनी चारचौघांत मला नावाने हाकदेखील मारली नव्हती. मी जागच्या जागी दगड झाले. मग बायकांच्या ओळीतून कुणीतरी आजीबाई ओरडल्या, "अगो बाई, घास भरवला! नाव घे, नाव घे!"

"नाव घ्या, काकू! घेतल्याशिवाय सोडायचं नाही!" सगळी पंगत सुरू झाली. व्याही सगळ्यांत मोठ्याने. नवरीसुद्धा ओरडत होती. मी हाताने खुणा करत होते, तोंडात जिलबी आहे म्हणून.

"तिचं तोंड भरलंय," हे म्हणाले. "मी घेतो."

शेला सावरला, घसा खाकरला, आणि एकशे अडतीस किलोंचा तो माणूस लाजत लाजत म्हणाला,

"जिलबीला लागतो एकतारी पाक,
घास गिळताना मला इंदूचा धाक."

टाळ्यांनी मांडव दणाणला. व्याह्यांनी ह्यांना मिठी मारायला हात पसरले, तेव्हा मात्र मी मधे घुसले आणि पोटाकडे बोट दाखवलं.

शिवण नीट धरली. वजन पुढे सत्तावन्न किलोंनी उतरलं, आणि वाळलेल्या आचाऱ्याला सुपाऱ्या आधीपेक्षा जास्त आल्या. पण ते सगळं नंतरचं. त्या दुपारी मांडवात ती जिलबी गिळायला मला फार वेळ लागला.